हीटची वही आणि राजीनामा

११ जानेवारी, शिरोली एमआयडीसी

वर्षभर आमच्या सॉफ्टवेअरमध्ये फाउंड्रीच्या ऑफिसातला क्लार्क नोंदी भरत होता. आज टॅबलेट थेट फर्नेसपाशी नेला. हीट म्हणजे वितळलेल्या धातूचा एक घाणा; ती उतरली की सुपरवायझर वहीत हीट नंबर, तापमान, ओतलेले साचे लिहितो. ब्लो होल (वायूची पोकळी) निघालेलं कास्टिंग परत आलं, की तीच वही चाळायची. आमचं सॉफ्टवेअर त्या कास्टिंगपासून हीटपर्यंत आणि त्या दिवशीच्या वाळूतल्या ओलाव्यापर्यंत पोहोचवतो. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, हातमोजं काढून टाइप कोण करणार?" अगदी खरं. मोठी बटणं हवीत, टायपिंग नकोच.

१८ जानेवारी, पुणे

मित्र म्हणतो, आधी गुंतवणूकदार गाठ. मला पटत नाही. याच पुण्यात कैलास काटकरांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं, धाकट्या भावाने, संजयने, अँटिव्हायरस लिहिला, आणि सुरुवातीची वर्षं दुकानाच्या कमाईवर निघाली. त्यांची कंपनी क्विक हील शेअर बाजारात आली ती २०१६ मध्ये. आमच्याकडे दुकान नाही, माझ्या नोकरीचा पगार आहे. तो कधी थांबवायचा, एवढाच प्रश्न. तोवर नोकरीतल्या कंपनीच्या लॅपटॉपवर आमच्या कामाची एक ओळही लिहायची नाही, हे पथ्य.

२ फेब्रुवारी

हिशेबाला बसलो. घराचा हप्ता, मुलीची फी जमेल. ग्रॅच्युइटीची ५ वर्षंही भरली आहेत. अडतं ते विम्यापाशी. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो आणि बाबांना मधुमेह आहे. नवी पॉलिसी घेतली तर जुन्या आजारासाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलो तर गट विम्यातली वर्षं धरली जातात, पण अर्ज नोकरीत असतानाच करायला हवा. धाडसाच्या गप्पा मारणाऱ्यांनी हा विम्याचा कागद आधी वाचावा.

बायको म्हणाली, "वर्षभराचा घरखर्च बाजूला पडू दे, मग मी अडवणार नाही."

७ मार्च

एका गिऱ्हाइकाचं बिल दिवाळीपासून थकलंय. लहान उद्योग म्हणून आमची उद्यम नोंदणी आहे. लहान उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत, फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर देईपर्यंत गिऱ्हाइकाला तो खर्च आयकरात धरता येत नाही, असा नियम २०२४ पासून लागू आहे. पण नोटिसा धाडून गिऱ्हाईक टिकत नाही. यापुढे वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचे. नाही म्हणणारं आपलं गिऱ्हाईक नव्हे.

२९ मार्च

शिरोलीच्या फाउंड्रीच्या मालकांनी दुसऱ्या वर्षाचे पैसे आगाऊ भरले, घासाघीस न करता. रात्रपाळीलाही आता वही निघत नाही, म्हणाले. गोकुळ शिरगावच्या त्यांच्या ओळखीच्या फाउंड्रीनेही आगाऊ पैसे पाठवले. मी याचीच वाट पाहत होतो. कौतुक सगळेच करतात, दुसऱ्यांदा पैसे देतो त्याचंच मत धरायचं. घरखर्चाची रक्कमही वेगळ्या खात्यात पडली आहे.

१ एप्रिल

राजीनामा दिला. नोटीस ९० दिवसांची. बाबांच्या विम्याचा अर्ज आजच भरला.