डावीकडून पहिल्या माई

फोनमधला एखादा फोटो तुम्ही कापलाच असेल कधीतरी. कडेला आलेलं कुणाचं बोट, मागची कचरापेटी, नको असलेला पंखा. गुगल फोटोजमध्ये 'सेव्ह कॉपी' दाबलं की मूळ फोटो जागेवर राहतो आणि कापलेला वेगळा होतो. आयफोनमध्ये मूळ फोटोच बदलतो, पण 'रिव्हर्ट' केलं की पहिला परत येतो. हे इतकं सरळ आहे की त्यावर डोकं चालवायची वेळच येत नाही. माझ्यावरही आली नव्हती, आमच्या मंडळाची वेबसाइट गळ्यात पडेपर्यंत.

इंदूरला आमच्या भागात एक छोटं मराठी मंडळ आहे. गणपती, कोजागरी, संक्रांतीचं हळदीकुंकू, मे महिन्यात मुलांचं शिबिर, एवढाच व्याप. मी कंटेंट रायटर. 'हिला वेबसाइटचं कळतं' असं एका बैठकीत ठरलं आणि पासवर्ड माझ्याकडे आला. खरं तर मी बीए केलंय इंग्रजीत. मला कळतं ते मजकुराचं, पण बैठकीत हे सांगून उपयोग नसतो.

वेबसाइट वर्डप्रेसवर होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कोडिंग न येणाऱ्या माणसाला वेबसाइटवर लेख आणि फोटो चढवता यावेत म्हणून जी व्यवस्था असते तिला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टिम म्हणतात. वर्डप्रेस ही त्यातली फार मोठी, २००३ सालापासूनची आणि फुकट. फोटो चढवले की ते एका कपाटात जमा होतात, त्याचं नाव मीडिया लायब्ररी. तिथे फोटो कापता येतो, फिरवता येतो, त्याला नाव आणि वर्णन देता येतं.

मंडळाच्या इतिहासावर एक लेख होता. त्यात पन्नासेक वर्षांपूर्वीच्या हळदीकुंकवाचा काळा-पांढरा फोटो होता. कुणीतरी छापील फोटोवर मोबाइल धरून काढलेला. हाच फोटो वेबसाइटच्या पहिल्या पानावर लेखाच्या नावासोबत मोठा दिसायचा. त्याच्या डाव्या कडेला ओल लागल्यासारखा मोठा डाग होता. मला तो खुपायचा. एका दुपारी लायब्ररीत जाऊन मी ती कड कापली, सेव्ह केलं. पहिलं पान एकदम स्वच्छ दिसायला लागलं. स्वतःवर खूश होऊन मी चहा करायला गेले.

मग नानांचा फोन आला.

नाना मंडळाचे जुने सभासद. काही वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. फोन मात्र ते आमच्यापेक्षा सफाईने वापरतात, कारण त्यांच्या फोनवर टॉकबॅक चालू असतं. बोट फिरवू तिथलं ते मराठीत वाचून दाखवतं. फोटो आला की त्याच्यासोबत लिहिलेलं वर्णन वाचतं. या वर्णनाला ऑल्ट टेक्स्ट म्हणतात. ते पानावर दिसत नाही, फक्त ऐकणाऱ्याला ऐकू येतं.

"अगं, तो इतिहासाचा लेख ऐकला," नाना म्हणाले. "मजकूर झकास आहे. पण मधेमधे नुसतं 'फोटो', 'फोटो' म्हणतंय. कोण आहे त्या फोटोत?"

मी बघितलं. आधी कुणीतरी सगळ्या फोटोंच्या वर्णनाच्या जागी 'फोटो' एवढाच शब्द लिहून ठेवला होता. मला लाजच वाटली. जेवणं झाल्यावर बसले आणि लायब्ररीतल्या चाळीस फोटोंना नीट वर्णनं लिहिली. दिवसभर मी पैसे घेऊन जे लिहिते त्याच्यापेक्षा हे बरं लिहिलं असेल. हळदीकुंकवाच्या फोटोला लिहिलं: 'काठापदराच्या साड्यांमधल्या आठ बायका ओळीने उभ्या, पुढे पाटावर हळदीकुंकवाचं तबक.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "पहिल्या पानावर आता छान सांगतं, पण लेख उघडला की पुन्हा आपलं 'फोटो'. आणि काय गं, आठ कुठल्या? नऊ होत्या."

"नाही नाना, मी मोजल्यात."

"फोटो मी काढलाय," ते म्हणाले. "मित्राचा कॅमेरा मागून आणला होता. डावीकडून पहिली आमची माई."

माई म्हणजे त्यांची बायको. त्या गेल्या तेव्हा मी शाळेत होते.

मी लेख उघडला. लेखातला फोटो अजून जुनाच होता, डागासकट. आणि डागाच्या लगत, कडेला, एक बारीक बाई उभी होती, डोक्यावरचा पदर सावरताना. पहिल्या पानावर ती नव्हती. डागासोबत मी माईंनाही कापलं होतं, आणि रात्री वर्णन लिहिताना लायब्ररीतला तोच कापलेला फोटो समोर ठेवून बायका मोजल्या होत्या.

हे नानांना लगेच सांगितलं नाही. "बघते" एवढंच म्हटलं.

एकच फोटो एके ठिकाणी बदलला आणि दुसरीकडे तसाच राहिला, हे कसं, ते शोधण्यात माझी संध्याकाळ गेली. उत्तर ऐकलं की सोपं वाटतं. पहिल्या पानावर लेखासोबत दिसणाऱ्या फोटोला फीचर्ड इमेज म्हणतात. तिथे वर्डप्रेस फक्त फोटोचा क्रमांक लक्षात ठेवतं आणि पान उघडलं की दरवेळी कपाटातून ताजा फोटो, ताजं वर्णन काढून दाखवतं. लेखाच्या आत मात्र तसं होत नाही. आत फोटो घातला त्या क्षणी त्याचा पत्ता आणि त्याचं वर्णन लेखात उतरवून घेतलं जातं, झेरॉक्स काढावी तसं. पुढे कपाटातलं मूळ कागदपत्र तुम्ही कितीही सुधारा, झेरॉक्सला त्याचा पत्ता नसतो. लायब्ररीत फोटो कापला की जुनी फाइल पुसली जात नाही. नावात 'इ' हे इंग्रजी अक्षर आणि लांबलचक आकडा असलेली नवी फाइल तयार होते. लेख बिचारा जुन्याच पत्त्यावर जात राहतो.

यात एक बरं आहे. जुनी फाइल शिल्लक असते म्हणून 'रिस्टोर ओरिजिनल इमेज' हे बटण चालतं. मी ते दाबलं आणि माई पहिल्या पानावर परत आल्या, डागासकट.

पण तुम्हीच सांगा, मंडळात फोटो चढवणाऱ्या आमच्या काकूंनी हे कसं ओळखायचं? सेव्हचं बटण एकच. ते दाबल्यावर बदल इथे होणार, तिथे होणार की सगळीकडे, हे बटण सांगतच नाही. भरीस भर म्हणजे २०२० च्या ऑगस्टमध्ये आलेल्या ५.५ या आवृत्तीपासून लेख लिहिता लिहिताच फोटो कापता येतो. सोय चांगली आहे, पण तिथे कापला की लायब्ररीत वेगळा, नवा फोटो जमा होतो. म्हणजे त्याच कात्रीचा परिणाम दोन खोल्यांमध्ये दोन तऱ्हेचा. मग लायब्ररीत एकासारखे एक दिसणारे दोन फोटो बघून कुणीतरी 'डबल आहे' म्हणून एक उडवतं. आणि एरवी लेख उडवला तर तो आधी कचरापेटीत जातो, पण फोटोला वर्डप्रेसमध्ये मुळात कचरापेटीच नाही, कुणी मुद्दाम चालू केल्याशिवाय. गेला की गेला. फोटो कुठल्या लेखाला जोडलाय हे दाखवणारा एक रकाना आहे, त्यात 'अनअटॅच्ड' लिहिलेलं असलं की वाटतं हा कुठेच वापरलेला नाही. तसं नसतं. तो पहिल्या पानावर झळकत असू शकतो.

आधी मला वाटलं, वर्णन लायब्ररीत बदललं की सगळीकडे आपोआप बदलायला हवं. मग लक्षात आलं की तेही बरोबर नाही. हाच फोटो उद्या माईंच्या आठवणींच्या पानावर घातला, तर तिथलं वर्णन त्यांच्यापासून सुरू व्हायला हवं. हळदीकुंकवाच्या लेखात ते तबकापासून सुरू झालं तरी चालेल. त्यामुळे मला गुपचूप बदल नको आहे, विचारणारी व्यवस्था हवी आहे. 'हा फोटो आणखी दोन लेखांत आहे. तिथेही बदलायचा का?' एवढं एक वाक्य. मोठ्या वेबसाइटवर प्रत्येक लेख धुंडाळून हे शोधायला वेळ लागेल, मान्य. पण निदान 'जुन्या लेखांत हा बदल दिसणार नाही' एवढं लिहायला तर काही शोधावं लागत नाही.

आमच्याकडे तेवढंच करून घेतलं. एका काकूंचा मुलगा प्रोग्रामर आहे. त्याने लायब्ररीत फोटोच्या माहितीखाली मराठीत दोन ओळी घातल्या: 'इथे लिहिलेलं वर्णन आधीच्या लेखांत बदलत नाही. ते लेख उघडून, फोटोवर टिचकी मारून तिथेही लिहा.' एरवी काकू मला रोज एकदा फोन करायच्या. आता आठवड्यातून एकदा करतात.

रविवारी नानांकडे गेले. लॅपटॉप उघडून बसले आणि म्हटलं, "सांगा, डावीकडून." त्यांनी खुर्चीत मान मागे टेकवली आणि सांगत गेले. माई. तिच्या शेजारी टेलिफोन ऑफिसातल्या बाई. मग डॉक्टरीणबाई, यांची मान कायम कलती. मी स्क्रीनवर बघितलं, मान कलती होती. चौथ्या बाईपाशी ते थोडं अडखळले आणि मग त्यांच्या घरच्या पुरणपोळीवरून त्यांना ती आठवली. नऊच्या नऊ झाल्या.

मग मी कबूल केलं. "नाना, मी माईंना कापलं होतं. चार दिवस त्या पहिल्या पानावर नव्हत्या. कडेला ओलीचा डाग होता, तो काढायला गेले आणि..."

"ओल नव्हे गं ती," नाना म्हणाले. "चहा आहे. फोटो धुऊन आणला त्याच दिवशी माझ्या हातून सांडला. माई दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

हे वर्णनात लिहू का, असं मी विचारलं.

"लिही की."

लिहिलं. आधी लायब्ररीत, मग लेख उघडून तिथेही.