उघड्या चौकटीतला संगणक



भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने संगणकाच्या जुळणीवर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. माझ्यापुरते त्याचे कारण काही जुन्या ध्वनिफितींत आहे. संशोधनाच्या काळात वऱ्हाडातल्या खेड्यांत हिंडून मी वृद्ध स्त्रीपुरुषांचे बोलणे कॅसेटवर मुद्रित केले होते. ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘डोळा’ऐवजी ‘डोया’ म्हणणारे ते आवाज. त्यांपैकी बहुतेक माणसे आज हयात नाहीत, आणि फितीही जीर्ण होत चालल्या आहेत. हे आवाज अंकीय रूपात जतन करायचे, तर यंत्र भरवशाचे हवे. जे उघडता येते आणि ज्याचा बिघडलेला भाग बदलता येतो, त्या यंत्राचाच मला भरवसा वाटतो. म्हणून सीताबर्डीतून सुटे भाग आणून मी एक छोटा संगणक स्वतः जुळवला.

त्याचा मदरबोर्ड ‘मिनी-आयटीएक्स’ मापाचा आहे : १७ सेंटीमीटर लांब आणि तेवढाच रुंद. तैवानच्या व्हिया कंपनीने हे माप २००१ साली पुढे आणले. अशा फलकावर जादा कार्डासाठी एकच खाच असते आणि रॅमच्या पट्ट्या बहुधा दोनच बसतात. त्यामुळे आपल्याला नेमके काय हवे, हे आधीच ठरवावे लागते. चौकट अ‍ॅल्युमिनियमची, बाजूंनी उघडी.

जुळणी करताना मला व्याकरणाची आठवण होत होती. रॅमच्या पट्टीवरची खाच बरोबर मध्यावर नसते. म्हणून पट्टी उलटी बसतच नाही. आपल्या भाषेतही ‘घोडा’ला ‘ला’ प्रत्यय थेट चिकटत नाही. आधी ‘घोड्या-’ हे सामान्यरूप व्हावे लागते, मगच ‘घोडाला’ न होता ‘घोड्याला’ सिद्ध होते. दोन्हीकडे जोडणीचे नियम घटकांच्या घडणीतच असतात.

चौकट उघडी का, याचे उत्तर नागपूरचा उन्हाळा देतो. मे महिन्यात येथे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. पंखा प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, आणि फार तापलेला प्रोसेसर आपला वेग स्वतःच कमी करतो. लहान बंद पेटीत गरम हवा कोंडते. उघड्या चौकटीत तिला वाट मिळते. मात्र या मोकळेपणाची किंमत असते. कूलरचा झोत ओल्या ताट्यांतून येतो, म्हणून यंत्र त्याच्यासमोर ठेवू नये. धूळ दर पंधरवड्याला मऊ ब्रशने झाडावी, आणि तीही वीजजोडणी काढून. पालीला अटकाव म्हणून मी बारीक जाळी लावली आहे.

सुट्या घटकांच्या जोडणीतून मोठे कार्य उभे राहते, याचा दाखला आपल्याजवळच आहे. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला, तो अनेक लहान प्रोसेसर समांतर जोडूनच. त्याचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातले. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण नागपुरात झाले.

माझे ध्येय अर्थातच माफक आहे. एका बाजूची कॅसेट संगणकात उतरवायला ती जितकी वाजते तितकाच वेळ लागतो. त्यात घाई करता येत नाही. त्या वेळात मी ऐकत बसतो. तुमच्या घरातही जुन्या वळणाची बोली बोलणारे कोणी असेल. त्यांचे बोलणे मुद्रित करा, दिनांक आणि गाव नोंदवा, आणि प्रत एकाच जागी ठेवू नका. यंत्र पुन्हा जुळवता येते. गेलेला आवाज पुन्हा मिळत नाही.