बुडितातलं देऊळ

आजारपणात तारखा सुटल्या. सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी, एवढंच पंचांग. जरा बरं वाटल्यावर घरच्यांची बोलणी खात, ऐन मे महिन्यात भोरहून भाटघरच्या जलाशयाकडे निघालो.

वेळवंडी नदीवरचं हे धरण १९२८ साली पुरं झालं आणि कांबरे गावचं कांबरेश्वराचं देऊळ बुडितात गेलं. वर्षाचा बहुतेक काळ ते पाण्याखाली. उन्हाळ्यात पाणी हटलं की काही आठवडे उघडं पडतं. माणसं येतात, हात जोडतात. पाऊस लागला की पुन्हा पाणी.

चिखल वाळलेल्या दगडावर बराच वेळ टेकलो. या देवळाचं वय कसं धरायचं? उघड्यावरचे आठवडे तेवढेच मोजायचे? माझंही तसंच. नोकरीतली कितीतरी वर्षं आठवतच नाहीत. पण नीरेच्या काठी वडिलांनी पहिल्यांदा पोहायला सोडलं, ती दुपार अजून कोरडी झालेली नाही. इथला इतिहासही असाच वागतो. रायरेश्वराचं नाव निघालं की जो तो शिवाजी महाराजांच्या १६४५ सालच्या शपथेबद्दल बोलतो. त्या पठारावर त्याआधी नि नंतर किती पावसाळे गेले, कोण विचारतो?

तरी हा हिशेब मला पुरता पटत नाही. आईला विचारलं असतं, तर तिनं कुठला क्षण वेगळा काढला असता? तिची सगळी वर्षं चुलीपाशी, भातखाचरात गेली. ती बुडीत खात्यात टाकायला मन घेत नाही. आणि देवळाचे दगड टिकले, ते पाण्यातच.