मधलं नाव

माझ्या नावाच्या मधोमध एक पीर बसलेला आहे. शाळेच्या दाखल्यावर, पेन्शनच्या पुस्तकावर, सातबाऱ्यावर, जिथं जिथं पूर्ण नाव लिहावं लागतं तिथं माझ्या आणि आडनावाच्या मध्ये वडिलांचं नाव येतं : पिराजी. गावात कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पहिल्यांदा विचारलं ते एका कचेरीतल्या कारकुनानं. नोकरीचे कागद तपासताना त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, ‘‘पिराजी? म्हणजे तुम्ही नक्की कोण?’’ मी आडनाव पुन्हा सांगितलं. त्याचं समाधान झालं, माझं झालं नाही. खरं उत्तर लांबलचक होतं, आणि ते आजीकडे होतं.

वडिलांच्या, म्हणजे आण्णांच्या, आधीची आजीची दोन पोरं पाळण्यातच गेली. ‘‘सटवाईनं लिवलं आन् तिनंच पुसलं,’’ एवढंच ती त्याबद्दल बोलायची. तिसऱ्या खेपेला ती मिरजेला गेली आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात बोलली, ‘‘जगला तर तुझा म्हणून वाढवीन.’’ पोर जगलं. मग नाव काय ठेवायचं हा प्रश्नच उरला नाही.

त्या काळी न जगणाऱ्या पोरांना दगडू, धोंडू, केरू, भिकू अशी नावं ठेवायचे. मरणाला वाटावं, हे कुणाला नकोसं झालेलं पोर आहे, न्यायचं काय त्यात! पिराजी हे नावही त्याच भीतीतून आलेलं, पण त्याची रीत वेगळी. दगडू लपून बसतो. पिराजीच्या पाठीमागं मात्र जामीनदार उभा असतो. आणि जामीन राहिलेल्या माणसाकडं वर्षातून एकदा तरी जावं लागतं.

म्हणून उरुसाच्या आदल्या दिवशी आमच्या घरी मलिदा व्हायचा. तव्यावरून उतरलेल्या चपात्या आजी परातीत घ्यायची आणि गरम असतानाच कुस्करायची. बोटं भाजायची, ती मध्येच हात झटकायची, पण चपात्या निवू द्यायची नाही. निवल्या की गूळ मुरत नाही म्हणायची. मग चिरलेला गूळ, वरून तूप, आणि पुन्हा दोन्ही हातांनी मळणं. पितळी डबा भरला की फडक्यात बांधून तो आण्णांच्या हातात. एरवी विहिरीवर नाहीतर उसात दिसणारे आण्णा त्या दिवशी स्वच्छ धोतर नेसून, डोक्याला फेटा बांधून मिरजेच्या गाडीत बसायचे, आणि शेजारी मी. दर्ग्यात ऊदाचा धूर असायचा. मुजावर डबा उघडून थोडा मलिदा काढून घ्यायचे, उरलेला परत द्यायचे आणि डोक्यावरून मोरपिसांचा कुंचा फिरवायचे. ‘‘आला का रं पिराजी?’’ असं ते आण्णांना विचारायचे. एवढ्या गर्दीत आण्णांना नावानं ओळखणारं माणूस तिथं आहे, याचा मला मोठा अभिमान वाटायचा.

रात्री दर्ग्याच्या आवारात गाणं असायचं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ साली गेले आणि त्यांना याच आवारात दफन केलं. तेव्हापासून उरुसात मोठमोठे गवई इथं हजेरी लावून जातात. आण्णांना रागदारीतलं काही कळत नव्हतं. तरी ते रिकामा डबा मांडीवर घेऊन पहाटेपर्यंत बसायचे. पाहुण्याच्या घरचं कार्य अर्धवट टाकून उठू नये, असा त्यांचा हिशेब असावा.

पुढं मी मास्तर झालो. चौथीच्या वर्गाला शिवाजी महाराजांचा इतिहास शिकवताना मालोजीराजांच्या नवसाची गोष्ट सांगायचो. मालोजीराजांना मूल होत नव्हतं. अहमदनगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्यात नवस केला, दोन मुलगे झाले आणि त्या एकाच पिराच्या नावातून दोघांची नावं निघाली, शहाजी आणि शरीफजी, अशी परंपरा आहे. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले; शहाजीराजांच्या पोटी स्वराज्य आलं. एका वर्षी मागच्या बाकावरचं एक पोरगं उठलं आणि म्हणालं, ‘‘म्हंजे गुर्जी, तुमच्या वडलांचं बी तसंच?’’ वर्ग हसला, मीही हसलो. कारकुनाला देता न आलेलं उत्तर त्या पोरानं एका ओळीत दिलं होतं.

नंतर मला ‘जी’ची गंमत कळली. पीर आला, त्याला ‘जी’ लावला आणि तो पिराजी झाला. सुलतानचा सुलतानजी, फकीरचा फकीरराव. मराठीनं बाहेरून आलेल्या पाहुण्याच्या डोक्यावर फेटा बांधावा तसे हे ‘जी’ आणि ‘राव’. आमच्याच जिल्ह्यातल्या, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांची १९५९ ची कादंबरी घ्या. इंग्रजांशी झुंजणारा मांगाचा तो वाघ, आणि त्याचं नाव फकिरा! वाचताना हे नाव कुठून आलं असं कुणी विचारत नाही, इतकं ते या मातीचं झालं आहे.

पण नावं एकाच दिशेनं चालत नाहीत. ज्या खाँसाहेबांची कबर मिरजेत आहे, त्यांच्या आणि ताराबाई मान्यांच्या मुलांची गोष्ट मला पुष्कळ उशिरा कळली. ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि त्यांनी मुलांची नावं बदलली. अब्दुल रेहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीच्या हिराबाई बडोदेकर झाल्या. सकीनाच्या सरस्वतीबाई राणे झाल्या, आणि याच सरस्वतीबाईंनी १९४३ साली ‘रामराज्य’ या चित्रपटासाठी गाणं गायलं. गळा बापाचा राहिला, नाव आईनं दिलं. माझ्या आजीनं पोर जगावं म्हणून पिराचं नाव घेतलं. त्या आईनंही पोरांची पुढची वाट सोपी व्हावी म्हणूनच दुसरी नावं घेतली असतील. एकीला दोष द्यावा आणि दुसरीला हार घालावा, असं मला काही करता येईना.

आण्णा गेल्यावर दोन-चार वर्षं मी मलिदा नेला. मग बदल्या, मग मुलीचं शिक्षण, मग गुडघे. डबा माळ्यावर गेला.

मुलगी पुण्यात असते. दिवस राहिले तेव्हा एका संध्याकाळी फोनवर म्हणाली, ‘‘बाबा, मुलगी झाली तर नूर ठेवायचं ठरवलंय आम्ही.’’ जावयालाही पसंत होतं. हिनं फोन ठेवल्याठेवल्या मला विचारलं, ‘‘आपल्यात असलं नाव?’’ विहीणबाईंचाही फोन आला : तुम्ही वडीलधारे, जरा सांगून बघा. ज्याच्या नावात पीर बसलाय त्यानं काय सांगायचं? पण खरं सांगतो, मलाही ते रुचलं नव्हतं.

मी तिला म्हणालो, ‘‘तुझ्या पणजीनं नाव घेतलं त्याला नवस होता, दरसालची वाट होती, ओळखीचा मुजावर होता. तुझं तिथं कोण आहे? कानाला गोड लागलं म्हणून उचलायचं?’’

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘पणजीला मागायचं होतं म्हणून ती गेली. मला काही मागायचं नाहीये. मागायचं असेल तरच दुसऱ्याचं नाव घ्यायचं का, बाबा?’’

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. रात्रभर कूस बदलत राहिलो तेव्हा ध्यानात आलं की मी वाटेचं आणि नवसाचं नुसतं निमित्त करत होतो. मला भीती वाटत होती. नूरला ‘जी’ नाही, डोक्यावर फेटा नाही. उद्या ही पोर पुण्या-मुंबईत भाड्यानं खोली बघायला जाईल, फोनवर नाव सांगेल, आणि आडनावापर्यंत पोचायच्या आतच पलीकडून ‘खोली गेली’ म्हणतील. माझ्या जुन्या बदलीच्या हुकमात इस्लामपूर लिहिलंय. २०२५ साली सरकारनं त्याचं ईश्वरपूर करायचं जाहीर केलं. गावांचीच नावं पुसायचा काळ आहे, त्यात लेकराच्या गळ्यात हे कशाला?

आणि मग स्वतःचीच लाज वाटली. माझ्या हजेरीपटावर दरसाल अत्तार, मुलाणी, शिकलगार, तांबोळी यांची पोरं असायची. त्यांचे आईबाप ही भीती रोज बरोबर घेऊन हिंडत होते. मी त्यांच्या पोरांना पाढे शिकवले, त्यांच्या घरी ईदला शिरखुर्मा प्यालो, पण ती भीती माझ्या उंबऱ्याच्या आत यायला माझी नात यावी लागली.

नवसाचं नाव घेणाऱ्याला त्याची किंमत आधी ठाऊक असते; आजीला ती ठाऊक होती, दरसाल एक डबा. आवडीनं घेतलेल्या नावाची किंमत पुढं कळते, आणि ती नाव ठेवणाऱ्याला नाही, नाव वागवणाऱ्याला भरावी लागते. सकाळी मी मुलीला हे एवढंच सांगितलं. नको म्हणालो नाही.

मुलगीच झाली. बारशाला आत्यानं पाळण्यात वाकून कानात कुर्रर्र केलं, बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले आणि नाव बाहेर आलं. गावाकडची एक म्हातारी नातलग माझ्याजवळ सरकून म्हणाली, ‘‘नूर? म्हंजी काय?’’

‘‘उजेड,’’ मी म्हणालो.

‘‘मग बरं हाय की,’’ म्हणून ती घुगऱ्या घ्यायला उठली.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून पितळी डबा काढला, चिंच लावून घासला आणि उरूस कधी आहे ते मुलीला कळवलं. येच म्हणालो नाही. आदल्या संध्याकाळी तिचा पुण्याहून फोन. मागं नूर रडत होती, भांडी वाजत होती.

‘‘बाबा, मलिदा सकाळच्या चपात्यांचा चालतो का?’’

‘‘नाही चालत. तव्यावरच्या घे. आणि निवायची वाट बघू नको, हात भाजले तरी.’’