श्रेय सेजोंगचे

कोरियाची हंगुल लिपी आपल्या अक्षरांतून निघाली, असे मी बरीच वर्षे ठामपणे सांगत आले. बौद्ध भिक्खूंबरोबर संस्कृत तिकडे पोचली, अक्षरेही गेली असणार, एवढाच माझा आधार. कोरियनमध्येही क्रियापद शेवटी येते, हे मी नात्याचा पुरावा म्हणून वर जोडायची. प्रत्यक्षात जेजू बेटावरची बोली सोडली तर कोरियनचे कोणत्याच भाषेशी नाते सिद्ध झालेले नाही. हे मी कधी तपासले नाही, कारण तपासायचेच नव्हते. ऐकणाऱ्यांना अभिमान वाटे, आणि मलाही.

हंगुल शिकायला बसले आणि ‘न’पाशी अडले. एक उभी रेघ, खाली उजवीकडे वळलेली. लिपी १४४६ साली जाहीर झाली तेव्हाच्या ग्रंथात या आकाराचे कारण दिले आहे: ‘न’ म्हणताना जिभेचे टोक वर टेकते, बाकीची जीभ खाली राहते. मी ‘न’ म्हणून पाहिले. पुन्हा म्हटले. अक्षर म्हणजे माझ्याच तोंडातली जीभ होती! त्यावर एक रेघ वाढवली की ‘त’, आणखी एक वाढवली की ‘थ’. ‘क’वर रेघ दिली की ‘ख’. मग आपले क आणि ख शेजारी लिहून कितीतरी वेळ पाहत राहिले. आपल्याकडे कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हे वर्ग किती नेमके लावले आहेत. पण ध्वनींचे ते नाते क्रमात आहे, आकारात नाही. ही लिपी घडवणाऱ्या सेजोंग राजाने ते आकारात आणले. लहानपणापासून गिरवलेल्या अक्षरांबद्दल, त्यांचे आकार असे का, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

भारताचा वाटा आहेच. उच्चारस्थानांचे आपले शास्त्र बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेले, आणि सेजोंगचा चिनी ध्वनिशास्त्राचा अभ्यास होता. काही आकारांमागे मंगोलांची फाग्स्पा लिपी असावी, असे गॅरी लेडयार्ड यांनी मांडले. त्यावर वाद आहे. मी मात्र ऋणाची मालकी करून टाकली. सामान्य माणसाला मनातले लिहिता यावे म्हणून सेजोंगने अठ्ठावीस अक्षरे घडवली. चे मान-री आणि इतर दरबारी विद्वानांनी १४४४ मध्ये त्या अक्षरांना लेखी विरोध केला. तो विरोध निदान उघड होता. मी तर गोड बोलून सेजोंगचे श्रेय काढून घेत होते.

१४४६ चा तो ग्रंथ हरवलेला असताना अक्षरांच्या उगमाबद्दल नुसते तर्क चालत, त्यांत संस्कृतचाही एक होता. १९४० मध्ये प्रत सापडली. त्यानंतरही तेच सांगत राहणाऱ्या मला सबब नाही. तुमच्या कानावर हा दावा आला तर कृपा करून पुढे सांगू नका.