हाजी लेनमधला एक दिवस

सिंगापूरच्या काम्पोंग ग्लाम भागात घाईने फिरून चालत नाही. निदान आमचे तरी चालले नाही. एक तर अम्मींचे गुडघे, आणि दुसरे म्हणजे तिथल्या गल्ल्यांची नावे. अरब स्ट्रीट, बगदाद स्ट्रीट, मस्कत स्ट्रीट, कंदाहार स्ट्रीट. प्रत्येक कोपऱ्यावर अम्मी पाटी वाचायला थांबायच्या. "अख्खी दुनिया हिंडल्यासारखं वाटतंय, आणि चाललो किती? दोन फर्लांग!" त्या म्हणाल्या.

काम्पोंग म्हणजे मलय भाषेत गाव. गेलाम हे एका झाडाचे नाव; त्याची साल होड्यांच्या फटी बुजवायला वापरत. १८२२ मध्ये इंग्रजांनी शहराचा आराखडा केला, तेव्हा हा समुद्रकाठ सुलतान हुसेन शाह, त्यांची मलय रयत आणि बुगी व अरब व्यापारी यांच्यासाठी राखला. आता भराव घालून समुद्रच लांब गेला आहे. काठावरचा म्हणून जो बीच रोड, तिथून आज पाणी दिसत नाही.

सगळ्यात गाजलेली गल्ली हाजी लेन. दोन्ही बाजूंना जुनी दुमजली घरे, एकमेकांना खेटलेली. पूर्वी खाली दुकान आणि वर बिऱ्हाड असे. आता खाली कपड्यांची, दागिन्यांची छोटी दुकाने, कॉफीच्या जागा, आणि भिंतींवर वरपर्यंत रंगवलेली भलीमोठी चित्रे. तरुण मुलेमुली त्यांच्यापुढे उभी राहून फोटो काढत होती. आम्हीही काढले, अम्मींचा एक फोटो तर निळ्या-पिवळ्या भिंतीसमोर फारच झकास आला.

पण पुढे गिटार वाजत होती, टेबलांवर बिअरचे ग्लास होते, आणि पाटीवर नाव हाजी. इथे आमच्यात दोन मते पडली. एकाचे म्हणणे, नाव तरी बदलायचे. दुसऱ्याचे म्हणणे, नाव आहे म्हणून तर कुणीतरी विचारेल की हे हाजी कोण होते.

त्याचे उत्तर अरब स्ट्रीटवरच्या अत्तराच्या दुकानात मिळाले. म्हाताऱ्या दुकानदाराने अम्मींना स्टूल दिले आणि मोडक्या हिंदीत सांगू लागला. जावा-सुमात्राकडचे लोक हजला निघाले की आधी इथे येत. डच सरकारचे नियम जाचक, म्हणून पुष्कळजण सिंगापूरहून जिद्दाचे जहाज धरत. या गल्ल्यांत त्यांच्या मुक्कामाच्या जागा होत्या, तिकीट काढून देणारे होते. तिकिटाला पैसे कमी पडले तर माणसे इथेच राबून ते जमवत. काहींचे ते कधी जमलेच नाहीत. ते इथूनच माघारी जात. अशांना लोक 'हाजी सिंगापूर' म्हणत.

अम्मी लहानपणी मुंबईच्या गोदीत त्यांच्या मामांना हजच्या जहाजावर सोडायला गेल्या होत्या. वळकटी, तांदळाचा डबा, साऱ्या गावाची रडारड, हे त्यांनी आम्हाला कितीदा सांगितले आहे. मुंबईहून जाणारी ती जहाजे १९९५ नंतर बंद झाली. अम्मींचा स्वतःचा अर्ज दोन वर्षे गेला, दोन्ही वेळा कुर्‍यात नाव निघाले नाही. दुकानदाराचे ऐकून त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग हसून म्हणाल्या, "चला, म्हणजे मीपण हाजी सिंगापूर." आम्हाला हसता आले नाही.

जोहरला सुलतान मशिदीत गेलो. आताची इमारत १९३२ मध्ये पूर्ण झाली. सोनेरी घुमटाच्या तळाशी एक काळा पट्टा दिसतो. जवळ जाऊन पाहिले तर ती काचेच्या बाटल्यांची बुडे आहेत, ओळीने बसवलेली. बांधकामाला श्रीमंतांनी पैसे दिले. गरिबांकडून बाटल्या घेतल्या, म्हणजे त्यांचाही हात लागावा. अम्मी मान वर करून तो पट्टा पाहत राहिल्या. आत मोठमोठ्या वस्तू होत्या, पण त्यांच्याबद्दल त्यांनी नंतर अवाक्षरही काढले नाही.

मशिदीमागे सुलतानांचा वाडा आहे. त्यांचे वंशज १९९९ पर्यंत तिथे राहत होते. मग वाडा सरकारकडे गेला आणि तिथे मलय वारसा केंद्र झाले. १९८९ मध्ये हा सारा भाग जतन करायचा ठरला आणि भिंती, खिडक्या, कौले खरोखर नीट राखली गेली. पण दोरीवर वाळत घातलेले कपडे, दारात बसलेली आजी, असे काही आम्हाला दिवसभरात दिसले नाही. आपल्याकडचे मोहल्ले पडके, गलिच्छ, पण माणसांनी भरलेले. दोन्ही एकत्र कुठे जमत असेल का, यावर आम्ही मुर्तबक खाताना बराच वेळ बोललो. मुर्तबक म्हणजे पातळ पोळीत खिमा, कांदा आणि अंडे घालून घडी करून तव्यावर भाजलेले, सोबत रस्सा. एक दोघांना पुरतो. आम्ही तिघांत तीन मागवले होते, आणि उरला काहीच नाही.

परतताना अम्मींनी पुन्हा अत्तराच्या दुकानाकडे वळायला लावले. लहानशी एक कुपी घेतली, ऊदची. आम्ही म्हटले, "अम्मी, एहराममध्ये अत्तर चालत नाही हं."

"माहीत आहे," त्या कुपी रुमालात गुंडाळत म्हणाल्या. "हे परत आल्यावर लावायचं."