चेष्टा झालेले गाव

तालुक्याच्या गावी मराठी शिकवणाऱ्या आम्हां दोघांना वीस वर्षांची एक सवय आहे : गावाला नावे ठेवण्याची. इथे पुस्तकांचे दुकान नाही, नाटक येत नाही, मुले वाचत नाहीत, हे प्राध्यापक-कक्षात चहाबरोबर रोज निघते. त्यामुळे नात्सुमे सोसेकी यांची ‘बोच्चान’ (1906) इंग्रजी अनुवादातून वाचली, तेव्हा ती आम्हांला आमचीच कादंबरी वाटली. टोकियोतला एक सरळमार्गी, उतावळा तरुण शिकोकू बेटावरच्या आडगावी मास्तर म्हणून जातो आणि तिथली पोरे, सहकारी, घरमालक या सगळ्यांवर चरफडत राहतो. आम्ही अर्थातच मास्तरांच्या बाजूने हसलो.

कादंबरीत गावाला नाव नाही. पण ते मात्सुयामा आहे हे सर्वांना ठाऊक आहे. 1895 साली सोसेकी तिथल्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला गेले, मुख्याध्यापकांहून अधिक पगारावर, आणि वर्षभरातच तिथून निघाले.

गेल्या वर्षी शरदात हिरोशिमाहून बोटीने आम्ही तिथे गेलो. आज पाच लाखांच्या घरात वस्ती असलेले हे शहर मुळात किल्ल्याभोवती वाढलेले. काटो योशिआकी या सरदाराने 1602 मध्ये भर वस्तीतल्या 132 मीटर उंचीच्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला. बांधकाम पुरते होण्याआधीच त्याची दुसऱ्या जहागिरीवर बदली झाली! मुख्य बुरूज पुढे वीज पडून जळाला. आज दिसतो तो 1854 मध्ये पुन्हा उभारलेला. 1945 च्या जुलैत हवाई हल्ल्यात शहर बेचिराख झाले, तेव्हाही तो वाचला. गावात कुठेही वाट चुकलो की आम्ही मान वर करून त्याला शोधत असू.

या किल्ल्याच्या चाकरीतल्या एका सामान्य सामुराई घरात 1867 साली मासाओका शिकी जन्मले. ‘हायकू’ हे नाव आज ज्या अर्थाने रूढ आहे, ते त्यांच्यामुळे. 1895 मध्ये युद्धवार्ताहर म्हणून गेलेले शिकी परतीच्या बोटीवर रक्त ओकले आणि इस्पितळातून निघून गावी आले. सोसेकी त्यांचे मित्र. वरच्या मजल्यावर सोसेकी, खाली क्षयाने पोखरलेले शिकी, असे ते 52 दिवस एका घरात राहिले. खाली गावातल्या कवींची मैफल जमे. वरचे मास्तर हळूहळू खाली उतरून हायकू करू लागले. ते घर 1945 च्या आगीत गेले. अन्यत्र उभारलेली त्याची प्रतिकृतीही 2010 मध्ये दरड कोसळून गेली.

याच गावातून 1897 मध्ये ‘होतोतोगिसु’ हे हायकूला वाहिलेले मासिक निघाले. पुढच्या वर्षी ते टोकियोला हलले, मात्सुयामाचेच ताकाहामा क्योशी त्याचे संपादक झाले आणि ‘बोच्चान’ प्रसिद्ध झाली ती याच मासिकात. गावाची चेष्टा छापली, ती गावाच्याच माणसाने.

आणि गावाने? कादंबरीतल्या मास्तराने टर उडवलेली काडेपेटीएवढी आगगाडी 2001 पासून ‘बोच्चान’ याच नावाने शहरातल्या ट्रामच्या रुळांवर धावू लागली. मास्तर ज्या उष्णोदकाच्या स्नानगृहात पोहतो आणि एके दिवशी ‘पोहू नये’ अशी पाटी पाहून खजील होतो, त्या दोगोच्या 1894 मधल्या लाकडी वास्तूत आजही तशी पाटी आहे. यात व्यापार आहे, हे उघड आहे. परंतु चेष्टेचा राग धरून बसलेल्या गावाला हा व्यापारही सुचला नसता.

शहरात जागोजागी हायकूसाठी टपालपेट्या आहेत. 1960 च्या दशकापासून ही प्रथा आहे : कोणीही यावे, तीन ओळी लिहाव्यात, पेटीत टाकाव्यात, निवडक हायकूंना प्रसिद्धी मिळते. किल्ल्यावरच्या पेटीजवळ आम्ही कागद घेऊन बसलो. शिरीष पै यांनी मराठीत रुजवलेला हायकू आम्ही दर वर्षी वर्गात शिकवतो; शिकींचा ‘शासेई’चा, म्हणजे समोर आहे ते जसे आहे तसे टिपण्याचा, आग्रहही समजावून सांगतो. इथे आपल्या गावावर तीन ओळी लिहाव्यात असे ठरले. अर्धा तास गेला. आम्हांला गावाविषयीच्या तक्रारी आठवत होत्या. गाव आठवत नव्हते. नदीकाठी कोणती झाडे आहेत यावर आमचे एकमत होईना. कागद कोराच खिशात घालून आम्ही टेकडी उतरलो.

परतल्यावर हायकूच्या तासाला व्याख्या बाजूला ठेवून मुलांना गावावर लिहायला सांगितले. बाजार उठल्यावर मैदानात उरलेल्या कांद्याच्या पातीवर एका मुलीने लिहिले. ते मैदान आमच्या महाविद्यालयाच्या वाटेवरच आहे.